चिमटा, कुंडी आणि गॅलिलिओ

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो, की वरून खाली पडणाऱ्या वस्तूंबद्दल काही शंका असतील तर कळवा. टपाल आणि फोनवरचे निरोप मिळून एवढं आलं, की जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही. आणि एक आधीच सांगतो. बऱ्याच जणांनी ‘आदरणीय सर’ असा मायना लिहिलाय. मी सर नव्हे. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. सर फळ्यापाशी असत, मी मागच्या टेबलापाशी फडकं घेऊन. काका म्हणा, चालेल.

प्रश्न : आमची घोडबंदर रोडवरची इमारत बावीस मजली आहे. वरून कपड्यांचे चिमटे पडतात, कधी ओढणी येते, आणि मागच्या महिन्यात तर तुळशीची कुंडी आली. नशीब, खाली कुणी नव्हतं. सभेत वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, चिमटा हलका, हळूच पडतो, त्याचा बाऊ नको. दुसरे इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, हलकं-जड सगळं सारख्याच वेगाने पडतं, हे गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी सिद्ध केलंय. मी सेक्रेटरी. इतिवृत्तात काय लिहू?

उत्तर : असं लिहा : ‘दोन्ही सभासदांचं म्हणणं ग्राह्य, मात्र कोणता मजला ते आधी सांगावं.’ थट्टा करत नाही, खरंच तसं आहे.

आधी इंजिनिअर साहेबांची बाजू. कुंडी चिमट्यापेक्षा कितीतरी पट जड, म्हणजे पृथ्वी तिला तितक्याच पट जोराने ओढते, हे खरं. मग ती आधी का पडू नये? जांभळी नाक्यावर बाजाराच्या दिवशी हातगाड्या बघा. रिकामी गाडी पोरगंही पळवतं. गोण्यांनी भरलेली गाडी जागची हलवायला दोन गडी लागतात, आणि दोन गडी लावून ती जाते एकट्या पोराच्या वेगानेच. कुंडीचं तेच. ओढ जास्त, पण हलवायचं ओझंही तेवढंच जास्त. हिशेब फिटतो, आणि दोघांचाही वेग दर सेकंदाला सेकंदी ९.८ मीटरने वाढत जातो.

गॅलिलिओने हे डोक्यातल्या डोक्यात दाखवलं होतं, आणि त्याची ती युक्ती मला प्रयोगापेक्षाही आवडते. समजा जड वस्तू लवकर पडते आणि हलकी सावकाश. आता चिमटा दोऱ्याने कुंडीला बांधा आणि दोन्ही एकदम सोडा. चिमटा मागे रेंगाळणार, म्हणजे कुंडीला मागे खेचणार. जोडी एकट्या कुंडीपेक्षा सावकाश पडायला हवी. पण चिमटा अधिक कुंडी मिळून वजन कुंडीहून जास्त, म्हणजे जोडी अधिक लवकर पडायला हवी. दोन्ही कसं होईल? पहिलं गृहीतकच चुकलं. आमच्या सरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मागे बसून काचेची भांडी पुसत होतो. पुसायचा थांबलो.

पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट मात्र सावधपणे सांगावी. ती गॅलिलिओने स्वतः लिहिलेली नाही, त्याचा शिष्य व्हिव्हियानी याने त्याच्या चरित्रात लिहिली, आणि ती तशीच घडली का याबद्दल इतिहासकारांमध्ये वाद आहे. गॅलिलिओच्याही आधी, १५८६ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये सिमॉन स्टेव्हिनने शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून फळीवर टाकले होते. आवाज एकच आला.

आता तुमच्या ज्येष्ठ सभासदांची बाजू. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओ काय म्हणतो ते ऐका. शंभर हात उंचीवरून मोठा आणि लहान असे दोन गोळे सोडले, तर मोठा जमिनीवर टेकतो तेव्हा लहान त्याच्या दोन बोटं मागे असतो. हवेतही ते अगदी बरोबर टेकतात असा त्याचा हट्ट नव्हता. ही दोन बोटं हवेची. त्याचं भांडण होतं ते दहापट जड वस्तू दहापट वेगाने पडते म्हणणाऱ्यांशी.

हवा पडणाऱ्या वस्तूला खालून अडवते. हे अडवणं वेगाबरोबर वाढतं, आणि तेही सरळ नाही. वेग दुप्पट झाला की अडवणं चौपट. स्कूटरवर घोडबंदरला ताशी तीस आणि ताशी साठ या वेगांत शर्ट कसा फडफडतो ते आठवा. (रस्ता मोकळा असेल तेव्हाचं म्हणतोय, म्हणजे पहाटे चारचं.) वस्तू वेग घेत जाते, अडवणं वाढत जातं, आणि एक वेळ अशी येते की वरून जेवढी ओढ तेवढाच खालून अडसर. मग वेग वाढायचा थांबतो. वस्तू थांबत नाही हं, वेग वाढणं थांबतं. त्याला अंतिम वेग म्हणतात.

हा अंतिम वेग कुणाचा किती, यालाच सगळं महत्त्व. आणि तो नुसत्या वजनावर ठरत नाही. वजनाच्या मानाने पसारा किती, त्यावर ठरतो. ओढणीचं वजन चिमट्यापेक्षा जास्तच भरेल, पण ती चिमट्याच्या कितीतरी मागून, झुलत झुलत येते. तीच ओढणी ओली पिळून गोळा करून टाका, धप्पकन येईल.

मी तुमच्या इमारतीचा हिशेब मांडला. मजला तीन मीटरचा धरला, बावीस मजले म्हणजे ६६ मीटर. चिमटा प्लास्टिकचा, पाचेक ग्रॅमचा, गिरक्या घेत येणारा. कुंडी मातीसकट तीन किलोची. आकडे अंदाजी आहेत, पण दिशा पक्की. कुंडी चार सेकंदांच्या आत खाली येते. हवा नसती तर तिचा वेग ताशी १२९ किलोमीटर झाला असता. हवेमुळे तो ताशी ११० च्या आसपास राहतो. हवेने तिचं फारसं काही बिघडवलं नाही. चिमट्याला मात्र सहा-साडेसहा सेकंद लागतात आणि त्याचा वेग ताशी चाळीसेक किलोमीटरवर अडकून बसतो. म्हणजे बाविसाव्या मजल्यावर तुमचे ज्येष्ठ सभासद बरोबर.

आता तीच दोन्ही पहिल्या मजल्यावरून सोडा. दोन्ही पाऊण सेकंदाच्या जरा पुढे-मागे पडतात, फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याएवढा. डोळ्याला दिसणार नाही. तिथे गॅलिलिओ आणि इंजिनिअर साहेब बरोबर.

आणि सेक्रेटरी म्हणून तुमच्या कामाची गोष्ट अशी, की चिमट्याचा वेग पाच-सहा मजल्यांतच जवळजवळ पुरा होतो. सहाव्यावरून निसटलेला आणि बाविसाव्यावरून निसटलेला, खाली लागतात सारखेच. कुंडीचं तसं नाही. ती दर मजल्यागणिक अधिक वाईट होत जाते. तेव्हा चिमट्यासाठी नोटीस फलकावर दोन ओळी पुरेत (डोळ्याला लागला तर ताशी चाळीसही भरपूर आहे), पण कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या आजच ग्रिलच्या आत घ्यायला लावा. तुळस आतही जगते.

प्रश्न : मी दहावीत आहे, ऐरोलीला राहते. विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. बाईंनी सांगितलं की निर्वातात पीस आणि दगड एकदम पडतात. पण दाखवलं नाही. घरी बघता येईल का?

उत्तर : बाळा, बाईंना दोष देऊ नकोस. तो प्रयोग दाखवणं किती जिकिरीचं असतं ते मला विचार.

आमच्याकडे मीटरभर लांबीची जाड काचेची नळी होती. दोन्ही टोकांना पितळी टोपणं, एका टोपणाला तोटी. आत एक चार आण्याचं नाणं आणि एक पीस. पीस कबुतराचं; कॉलेजच्या गच्चीवर पिसांना तोटा नव्हता. तोटीला रबरी नळी लावून पंपाने हवा काढायची, तोटी बंद करायची आणि नळी झटकन उलटी करायची. ऐकायला सोपं. पण वॉशर जुना, त्याला व्हॅसलीन चोपडावं लागे. पंपाचं तेल दर वर्षी बदलायला हवं, त्याचे पैसे दर दोन वर्षांनी मंजूर होत. एका वर्षी तपासणी समितीपुढे हाच प्रयोग ठेवला. मी पंप चालवला, सरांनी नळी उलटवली, नाणं टणकन पडलं आणि पीस आपलं मागाहून, सावकाश, पाहुण्यासारखं. सर म्हणाले, ‘पाहिलंत? एकदम!’ मागच्या बाकावरून हसू फुटलं. समितीतले एक गृहस्थही हसले.

नंतर मी शोधलं तेव्हा वॉशरला केसाएवढी चीर निघाली. हवा दहातली नऊ भाग निघाली असेल, एक भाग उरली होती. आणि पिसाला अडवायला तेवढी पुरते, कारण त्याला वजनच नाही आणि पसारा केवढा. दुसऱ्या दिवशी नवा वॉशर घालून, अर्धा तास पंप चालवून एकट्यानेच बघितलं. पीस दगडासारखं पडलं. तरंगणं नाही, डुलणं नाही, सरळ खाली. किती वेळा बघितलं असेल कुणास ठाऊक, दर वेळी वाटे, हे पीस नव्हेच.

जिथे पंपाची गरजच नाही अशा जागी हा प्रयोग झालाय. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातात सव्वा किलोहून जास्त वजनाचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं तीस ग्रॅमचं पीस धरून दोन्ही सोडलं. चंद्राची ओढ आपल्या सहाव्या हिश्शाएवढी, म्हणून दोन्ही सावकाश पडतात, पण पडतात एकदम. त्याचं चित्रण मिळतं, ते नक्की बघ.

घरी दोन गोष्टी कर. एक वही घे आणि वहीपेक्षा लहान कागद. दोन्ही शेजारी धरून सोड : कागद भरकटेल. आता कागद वहीच्या वर ठेव, अगदी पानाला पान चिकटल्यासारखा, आणि वही आडवी धरून सोड. कागद वहीला सोडणार नाही. खालच्या हवेशी वही झुंजते, कागदाला वाट मोकळी मिळते. (काही जण म्हणतात, वहीमागची हवा कागदाला ओढून घेते. थोडं तेही होतं. म्हणून तिसऱ्यांदा कागदाचा गोळा करून वहीशेजारून सोड. तिथे कोण कुणाला ओढणार?)

दुसरी जास्त गमतीची. मिठाईच्या खोक्यात पेढ्याखाली किंवा लाडवाखाली चुण्यांची कागदी वाटी असते ना, तशा पाच घे. एक एकटी, आणि चार एकात एक घालून चवड. सगळ्या एकाच आकाराच्या, म्हणजे दोन्हींचा पसारा सारखा, पण वजन चौपट. सांग बघू, चवड किती पट वेगाने पडेल? चौपट म्हणालीस ना? मीही म्हणालो होतो. ती पडते दुप्पट वेगाने. हवेचं अडवणं वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून चौपट वजनाला दुप्पट वेगच पुरतो. पडताळायचं असेल तर एकटी वाटी एक मीटरवरून आणि चवड दोन मीटरवरून, स्टुलावर चढून, एकाच वेळी सोड. जवळजवळ बरोबरच टेकतील. चवड जराशी मागे राहील, कारण तिला आपला अंतिम वेग गाठायला जास्त अंतर लागतं. वहीत हा ‘जराशी’सुद्धा लिही. आमच्याकडे मुलं तो खोडून टाकत आणि म्हणून त्यांचे गुण जात.

पेढे आधी खाऊन टाक.

प्रश्न : नेरुळला खाडीच्या बाजूला घर आहे. पावसाळ्यात गॅलरीत बसलो की एकच विचार येतो. हा थेंब किलोमीटरभर वरून येतोय, तर छत्री फाडून डोक्यात कसा घुसत नाही?

उत्तर : हवा नसती तर घुसला असता. एक किलोमीटरवरून मोकळा पडला तर थेंब सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरने आला असता. मृगाचा पहिला पाऊस कुणी कवितेत घातला नसता.

प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा टपोरा थेंबही सेकंदाला नऊ मीटर, ताशी बत्तीसेक किलोमीटर, याच्या पुढे फारसा जात नाही. दोन मिलिमीटरचा मध्यम थेंब सेकंदाला साडेसहा मीटर. अर्ध्या मिलिमीटरची भुरभुर सेकंदाला दोन मीटर. ती तर तुमच्यापेक्षा जरा जलद चालत खाली येते एवढंच. आणि हे वेग थेंब सुरुवातीच्या काही मीटरांतच गाठतो. ढग एक किलोमीटरवर असो की तीन, तुमच्या छत्रीला फरक कळत नाही. चिमट्याचंच गणित.

लहान थेंब हळू आणि मोठा जलद, असं का? थेंब दुप्पट रुंद झाला तर त्याचं वजन आठपट वाढतं, पण हवेला भिडणारं तोंड चारपटच. वजनाला पसारा कमी पडत जातो.

अंतिम वेग डोळ्यांनी बघायचा तर आमच्या प्रयोगशाळेत यायला हवं होतं. एरंडेल तेलाने भरलेली उभी काचेची नळी, आणि त्यात सोडायचे सायकलच्या बेअरिंगमधल्यासारखे बारीक पोलादी छर्रे. ही स्टोक्सची पद्धत. स्टोक्सने त्याचं गणित १८५१ साली मांडलं. छर्रा तेलात शिरताच त्याचा वेग बांधला जातो आणि तो एकाच चालीने, मिरवणुकीत चालल्यासारखा, खाली उतरतो. नळीवर दोरे बांधलेले असत. पहिल्या दोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जेवढा वेळ, तेवढाच दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत. मे महिन्यात तेल पातळ होई आणि छर्रे लवकर तळाला जात. तेच आकडे जानेवारीच्या वहीतून उतरवणारी मुलं तिथेच पकडली जात. प्रयोग मुलांचा, पण नंतर त्या नळ्या धुवायचं काम माझं. एरंडेल धुणं म्हणजे काय ते धुतल्याशिवाय कळायचं नाही. सोडा, राख, गरम पाणी, तरी हाताचा वास दुसऱ्या दिवशी डब्यातल्या पोळीला.

ढग का पडत नाही, याचंही उत्तर त्याच नळीत आहे. ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. तो सेकंदाला जेमतेम सेंटीमीटरभर खाली येतो. हवेचा जरासा वरचा झोत आला की आला तसा परत. तसे दहा लाख थेंब एकत्र आले की तुमच्या गॅलरीतला दोन मिलिमीटरचा एक थेंब होतो.

थेंबाचं चित्र मात्र सगळे चुकीचं काढतात. वर टोकदार, खाली गोल, असा थेंब नळाच्या तोंडाशी लोंबताना दिसतो, आभाळात नाही. बारीक थेंब गोल गोळी असतो. मोठा झाला की खालून हवा त्याला दाबते आणि तो खाली चपटा, वर फुगीर होतो. वडापावातला पाव आठवा, तसा. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की बहुधा फुटतो. म्हणून नारळाएवढा थेंब पडत नाही.

तुम्हाला थेंब मोजायचे असतील तर अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याची रीत सांगतो. हिमकणांचे फोटो काढणारा म्हणून तो प्रसिद्ध, पण १९०४ साली त्याने पावसाच्या थेंबांवरही लिहिलं. पसरट भांड्यात चाळलेल्या पिठाचा बोटभर थर द्यायचा, पावसात काही सेकंद धरायचं आणि आत घ्यायचं. प्रत्येक थेंबाची एकेक पिठाची गोळी होते. त्या वाळवून, चाळून मोजायच्या. मी परातीत कणीक घेऊन केलं. मोठ्या सरीत वाटाण्याएवढ्या गोळ्या आल्या, भुरभुरीत राजगिऱ्याएवढ्या. घरातून प्रतिक्रिया आली ती इथे छापता येणार नाही. तुम्ही कणीक नव्हे, मैदा घ्या. शिळा असला तरी चालतो.

प्रश्न : आमची मांजर पाचव्या मजल्यावरून पडली आणि दोन दिवस लंगडून पुन्हा उंडारायला लागली. देवाची कृपा, दुसरं काय? (कळव्याहून एक आजी)

उत्तर : आजी, कृपा आहेच, शिवाय थोडी हवाही आहे. मांजर पडता पडता अंग वळवून पाय खाली करते आणि मग पाय पसरते. अशी पसरलेली मांजर फार तर ताशी शंभराच्या आसपास वेग घेते. विमानातून उडी मारून हवाई छत्री न उघडलेला माणूस दोनशेपर्यंत जातो. लहान जीव, वजनाच्या मानाने पसारा मोठा. मुंगीला तर कुठूनही टाका, तिला काही होत नाही.

पण एक सांगतो. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी छापल्या आणि त्यातली नव्वद टक्के जगली. लोक तो आकडा छाती फुगवून सांगतात. अहो, जी जागीच गेली तिला दवाखान्यात कोण नेतं? आकडा तेवढ्यापुरताच खरा. खिडकीला जाळी लावून घ्या. नातवाला सांगितलंत तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रश्न : माझा मुलगा गोविंदा पथकात वरच्या थरांवर चढतो. म्हणतो, ‘आई, मी हलका आहे, पडलो तरी हवेत तरंगतच येतो.’ खरं का हो? मला झोप लागत नाही.

उत्तर : ताई, खरं नाही. त्याला हा रकाना वाचायला द्या.

२०१२ साली आपल्या ठाण्यातच नऊ थरांचा मनोरा १३.३४ मीटर भरला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. तेवढ्या उंचीवरून मोकळं पडलं तर खाली यायला पावणेदोन सेकंदही लागत नाहीत आणि वेग होतो ताशी अठ्ठावन्न किलोमीटर. त्या वेगाला हवा माणसाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढीही उचलून धरत नाही. माणसाच्या बाबतीत हवेचा उपयोग सुरू होतो तो शेकडो मीटरांच्या गोष्टीत. तेरा मीटरांत आपण कुंडी आहोत, ओढणी नाही.

तो आजवर सुखरूप आला असेल तर हवेमुळे नव्हे, खालच्या पोरांमुळे. मनोरा कोसळतो तेव्हा वरचा मुलगा सहसा मोकळा पडत नाही. खांद्यांवरून, पाठींवरून घसरत येतो, आणि खाली हातांची जाळी असते. रस्त्यावर पडलं तर शरीर पाच सेंटीमीटरमध्ये थांबतं. हातांवर पडलं तर अर्ध्या मीटरमध्ये. थांबायला अंतर दसपट मिळालं की दणका दसपट कमी बसतो. तेव्हा त्याला विचारा : कमरेला दोर आहे का, डोक्यावर हेल्मेट आहे का, आणि खाली गादी आहे का. तिन्हींना ‘हो’ म्हणाला तरच सोडा. मी लहानपणी चेंदणीत चार थरांच्या वर कधी गेलो नाही. भित्रा होतो, हे कबूल करतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये मुलांना येऊरला घेऊन गेलो होतो. उक्षीची सुकी फळं झाडावरून गरगरत खाली येत होती. मुलांनी पिशवीभर गोळा केली. ती गरगरतात कशी, आणि कशासाठी?

उत्तर : उक्षीच्या फळाला वर पाच कागदासारख्या पाकळ्या असतात, पंख्याच्या पात्यांसारख्या. खरं तर त्या पाकळ्या नव्हेत, फुलाच्या तळाची निदलं, फळाबरोबर राहिलेली. बी जड, म्हणून ते खाली राहतं, पाती वर. हवा पात्यांच्या तिरकेपणावर आपटून घसरते आणि फळ फिरू लागतं. फिरू लागलं की पाच चिंचोळी पाती पूर्ण चकतीएवढी जागा झाडून काढतात. वजन तेवढंच, पसारा फुकटात वाढला. सावकाश पडतं म्हणून वाऱ्याला त्याला दूर नेण्याइतका वेळ मिळतो, नाहीतर सगळी रोपं आईच्याच सावलीत उगवली असती. रुईची म्हातारी हेच काम केसांनी करते, आणि तिला तर मुलं पकडायला धावतात तो वाराही पुरतो.

तुमचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडेही येऊरहून आणलेली दहा-बारा उक्षीची फळं खोक्यात होती. आमची इमारत पोखरण रोडला, सोळा मजली, मी चौदाव्यावर. घड्याळ हातात धरून गॅलरीतून एक सोडलं. ते खाली गेलंच नाही. समोरून येणारा वारा भिंतीला थडकून वर चढत होता, त्याने ते गरगरत गरगरत उचललं आणि माझ्या डोक्यावरून पंधराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये तिथल्या वहिनी भेटल्या. हातात उक्षीचं फळ होतं. म्हणाल्या, ‘काका, वरच्या लोकांना जरा सांगा हो, कचरा टाकतात.’